‘माळ’, ‘माय’ आणि गुरुजींचा कान

दुसरीतलं मूल. हातातल्या कार्डावर शब्द आहे ‘डोळा’. मूल पहिल्या अक्षराखाली बोट ठेवतं, ‘डो’ म्हणतं, बोट पुढे सरकवतं आणि मोकळेपणानं म्हणून टाकतं, ‘डोया’. गुरुजी म्हणतात, ‘नीट बघून वाच.’ मूल पुन्हा बघतं, पुन्हा ‘डोया’. तिसऱ्या वेळी गुरुजींचा आवाज चढतो आणि मूल कार्डाकडे बघायचं सोडून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागतं. तिथून पुढे ते वाचत नसतं. गुरुजींना काय ऐकायचंय, याचा अंदाज घेत असतं.

खरं तर त्या मुलानं शब्द बरोबर वाचला होता. खानदेशातल्या अहिराणी बोलीत आणि जळगावकडच्या लेवा गणबोलीतही ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. शाळेची शाया होते, डोळ्याचा डोया होतो, डाळीची दाय होते. मुलानं अक्षरं ओळखली, त्यांचे आवाज जोडले, शब्द कुठला ते कळलं आणि तो घरी जसा बोलतात तसा सांगितला. वाचनात करायचं ते सगळं त्यानं केलं, आणि वर बोलणीही खाल्ली.

खानदेशात पहिली ते तिसरीच्या शिक्षकांना वाचन शिकवायचं प्रशिक्षण द्यायचं असेल, तर ते या एका कार्डापासून सुरू करावं असं आम्हाला वाटतं. तक्ते, पीपीटी, घटक, उद्दिष्टं, अध्ययन निष्पत्ती हे सगळं नंतर. आधी शिक्षकाचा कान तयार व्हायला हवा. मूल वाचताना नेमकं काय चुकलं, की चुकलंच नाही, हे ज्याला ऐकू येतं त्याला पुढचं काय शिकवायचं ते सुचतं. ज्याला ऐकू येत नाही तो सगळ्यांना एकच औषध देतो, ‘पुन्हा वाच’.

आता शंका निघेल की मूल खरोखर ‘ळ’ ओळखून ‘य’ म्हणतंय, की त्याला ‘ळ’ येतच नाही? ही शंका रास्त आहे, आणि ती दोन मिनिटांत फिटते. ‘ळ’ आणि ‘य’ अशी दोन सुटी कार्डं समोर ठेवायची आणि ‘बाळमधलं अक्षर कुठलं, पायमधलं कुठलं?’ असं विचारायचं. मग दोन चित्रं घ्यायची, एक फुलांच्या माळेचं आणि एक आईचं. सोबत दोन शब्द, ‘माळ’ आणि ‘माय’. अनेक घरांत हे दोन्ही शब्द तोंडातून सारखेच निघतात. कागदावर मात्र ते वेगळे आहेत. मुलानं योग्य शब्द योग्य चित्राखाली ठेवला, तर त्याचा ‘ळ’ पक्का आहे, तोंडातून काहीही निघो. अदलाबदल झाली तर अक्षराचं काम बाकी आहे, आणि ते याच जोडीनं करायचं. ‘मन’ आणि ‘मण’ ही अशीच दुसरी जोडी. ज्या घरात कापूस वजनकाट्यावर चढतो, तिथल्या पोराला मण काय असतो ते समजावून सांगावं लागत नाही. ‘ण’ बोलण्यात ‘न’ होतो म्हणून ही जोडी मुद्दाम घ्यावी. बोलण्यात जो फरक नाही तो लिहिण्यात आहे, हे मुलाला गंमत म्हणून दाखवता येतं. त्यासाठी त्याची बोली चुकीची ठरवायची गरज नाही.

कान किती बारीक लागतो ते एका वाक्यावरून बघू. ‘सकाळी आई मळ्यात गेली.’ पहिलं मूल वाचतं, ‘सकायी आई मयात गेली.’ चुका शून्य. दुसरं वाचतं, ‘सकाळी आई मळात गेली.’ एक चूक, ‘ळ्या’ हे जोडाक्षर सुटलं. त्या मुलाला जोडाक्षरांचा सराव हवा, बाकी काही नको. तिसरं वाचतं, ‘सकायी माय मयामा गई.’ हे मूल फार हुशारीचं काम करतंय. त्यानं वाक्य समजून घेऊन सरळ अहिराणीत सांगितलं. अर्थ शंभर टक्के बरोबर, पण शब्दाच्या शेपटाकडे बघितलेलं नाही. त्याला आधी शाबासकी द्यायची, मग ‘मळ्यात’च्या ‘त’वर बोट ठेवून, ‘इथे काय लिहिलंय रे?’ एवढंच विचारायचं. चौथं मूल वाक्य खडखडीत, शुद्ध वाचतं. ‘आई कुठे गेली?’ म्हटलं की गप्प. चौघांना चार वेगळ्या गोष्टी हव्या आहेत. वरवर ऐकणारे गुरुजी चौथ्याला पहिला नंबर देतील आणि तिसऱ्याला शेवटचा.

चौथ्या मुलाचं कोडं समजायला एक जुना विचार उपयोगी पडतो. १९८६ साली गॉफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी वाचनाचं अगदी साधं सूत्र मांडलं. लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता, म्हणजे वाचून समजणं. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे, हे शिक्षकांनी नीट लक्षात घ्यायला हवं. दोनपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच येतं. खानदेशात याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. भाषेची श्रीमंती केवढी होती ते आज सारा महाराष्ट्र जाणतो, पण छापलेला कागद त्यांच्यासाठी मुकाच होता. त्यांच्या ओव्या मुलानं, सोपानदेवांनी, उतरवून घेतल्या म्हणून आपल्यापर्यंत आल्या. सातपुड्यातल्या वस्तीवरच्या शाळेत याच्या उलटं चित्र दिसतं. पावरी ही आदिवासी बोली बोलणारं मूल दोन वर्षांत मराठी अक्षरं जोडायला शिकतं, ओळच्या ओळ म्हणून दाखवतं, पण ते शब्द त्याच्या कानावर पूर्वी कधी पडलेलेच नसतात. पहिल्याला अक्षरं हवीत, दुसऱ्याला मराठी बोलणं-ऐकणं हवं. दोघांच्या हाती एकच पुस्तक देऊन ‘सराव करा’ म्हणणं हे दोघांवरही अन्यायाचं आहे.

लिपी उलगडणं म्हणजे काय, हे शिक्षक विसरलेले असतात. विसरणारच, कारण आपण वाचायला कसं शिकलो हे मोठेपणी कुणालाच आठवत नाही. म्हणून प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी त्यांना मोडी लिपी द्यावी. आठ मोडी अक्षरं आणि काना, वीस मिनिटं शिकवायचा, मग फळ्यावर सात-आठ शब्दांचं एक वाक्य. मोडीत आधी शिरोरेघ ओढून अक्षरं तिला लावत जातात, शब्दांमध्ये जागा सुटत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. त्यामुळे शब्द कुठे संपला हेही आधी कळत नाही. वीस-वीस वर्षं शिकवणारी माणसं अक्षरावर बोट ठेवतात, पुटपुटतात, शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात. वाक्य संपल्यावर विचारायचं, ‘काय झालं या वाक्यात?’ शेवटापर्यंत पोचता पोचता सुरुवात विसरलेली असते. नवापूरकडच्या शिक्षकांसाठी गुजराती लिपी मात्र घेऊ नये. तिथलं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, गुजराती पाट्या रोज नजरेखालून जातात. लिपी खरोखर अनोळखी असेल तरच पहिलीतल्या मुलाचा शीण शिक्षकाच्या अंगाला लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच आठ अक्षरं उलटसुलट विचारावीत. निम्मी पुसलेली असतात. ‘काल तर शिकवलं होतं!’ हे वाक्य त्यानंतर वर्गात जपून वापरलं जातं.

मग प्रश्न येतो की अक्षरं कुठल्या क्रमानं घ्यायची. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत ओळीनं शिकवत गेलं की दिवाळीपर्यंत मुलाला एकही वाक्य वाचता येत नाही. वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या शास्त्राचा आहे आणि तो सुंदर आहे, पण वाचायला शिकण्याचा तो क्रम नाही. त्यापेक्षा पहिला गट असा घ्या: क, म, न, र आणि काना. इतक्यात कान, नाक, मान, रान, काम, मका, काका, मामा, मन, कमान एवढे शब्द तयार होतात. ‘काका, काम करा’ हे आख्खं वाक्य होतं. साधारण आठ-दहा दिवसांत मूल स्वतःच्या जोरावर वाक्य वाचतं, आणि त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याची बरोबरी कुठलाही रंगीत तक्ता करू शकत नाही. दुसरा गट ल, स, ब आणि दुसरी वेलांटी. आता लाल, साल, बाबा, मासा, बी, सरी, कारली, बारीक हे शब्द आले. ‘सरी’ कशी पाडतात हे मुलानं शेतात बघितलेलं असतं, त्यामुळे शब्द वाचला की चित्र आपोआप उभं राहतं.

गट करताना दिसायला सारखी अक्षरं एकत्र आणू नयेत. घ आणि ध, म आणि भ, ब आणि व, थ आणि य, ट आणि ठ, प आणि ष. एक पक्कं झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी दुसरं. बरेच जण उलट करतात, ‘फरक कळावा म्हणून’ घ आणि ध एकाच दिवशी शेजारी लिहून शिकवतात. दोन्ही कच्ची असताना फरक कळत नाही, गोंधळ मात्र कायमचा बसतो.

बाराखडीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथे वाया जातो. ‘क का कि की’ मुलं झकास तालात म्हणतात. फळ्यावर एकटा ‘कु’ लिहा आणि विचारा. मूल मनातल्या मनात ‘क’पासून म्हणत येतं आणि ‘कु’वर थांबतं, किंवा चुकीच्या ठिकाणी थांबतं. म्हणजे त्याला गाणं येतं, चिन्ह येत नाही. उपाय असा की एका अक्षराला बारा चिन्हं लावायच्या ऐवजी एक चिन्ह अनेक अक्षरांना लावायचं. का, मा, ना, रा, ला, सा. मग की, मी, नी, री. चिन्हाचा आवाज असा सुटा होऊन कानात बसतो. क्रम आमच्या मते काना, दुसरी वेलांटी, एक मात्रा, दुसरा उकार, काना-मात्रा, अनुस्वार असा ठेवावा, पहिली वेलांटी आणि पहिला उकार त्यानंतर. चौतीस व्यंजनं आणि बारा रूपं धरली तरी चारशेवर आकार होतात. ते पाठ करून येणारे नाहीत. सूत्र कळलं तर येतात.

पहिली वेलांटी मागे का ठेवायची? कारण ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि बोलली जाते नंतर. ‘कविता’ या शब्दात वेलांटी ‘क’च्या लगेच पुढे दिसते, म्हणून मूल ‘किवता’ वाचतं. हा निष्काळजीपणा नाही. डोळा डावीकडून उजवीकडे जातोय आणि जे दिसतं ते वाचतोय. फळ्यावर आधी ‘कवता’ लिहावं, तो वाचून घ्यावा, मग मुलांच्या डोळ्यांदेखत रंगीत खडूनं ‘व’ला डावीकडून वेलांटी घालावी आणि तिची दांडी ‘व’ला कुठे टेकते ते बोटानं दाखवावं. दिवा, किडा, विळा, कविता, गणित असे दहा शब्द, रोज पाच मिनिटं. बहुतेक मुलांना आठवडाभरात जमतं.

आणखी एक अडचण मोठ्यांना दिसतच नाही. आपण ‘कमळ’ लिहितो, पण शेवटच्या ‘ळ’मधला ‘अ’ बोलत नाही. गुरुजी मात्र सुटी अक्षरं ठासून म्हणवून घेतात, कऽ, मऽ, ळऽ. मूल ती जोडतं आणि त्याच्या कानावर ‘कऽमऽळऽ’ असा कुठलाच नसलेला शब्द पडतो. आवाज जुळले पण कमळ कुठे दिसलं नाही. शिक्षकानं शेवटचं अक्षर आखूड म्हणून दाखवलं, ‘क–मळ्’, की मुलाचा चेहरा उजळतो. चार अक्षरी शब्द दोन-दोनमध्ये तोडावेत. अज–गर, कर–वत, मख–मल. तसंच ‘च’ आणि ‘ज’चं. ‘चाक’मधला ‘च’ वेगळा, ‘चिमणी’मधला वेगळा, चिन्ह मात्र एकच. नियम सांगत बसू नये. ‘दोन्ही तऱ्हेनं म्हणून बघ, ओळखीचा शब्द कुठला लागतो?’ एवढं सांगितलं तरी पुरतं. अर्थात, तो शब्द मुलाच्या ओळखीचा असायला हवा. गुणाकार इथेही सुटत नाही.

या सगळ्याच्या आधीपासून रोज पाच-सात मिनिटं नुसतं कानाचं काम. पाटी नाही, पुस्तक नाही. ‘कापूस’ टाळ्यांत तोडा, का–पूस. ‘मिरची’ तोडा, ‘पपई’ तोडा, ‘भरीत’ तोडा. ‘भाकर’मधला ‘भा’ काढला तर काय उरलं? कर. ‘केळी’ आणि ‘केस’ यात सारखं काय ऐकू आलं? हे अहिराणी शब्दांवरही तितकंच चांगलं होतं, किंबहुना पहिल्या महिन्यात तिथूनच सुरू करावं. शब्द तुकड्यांचा बनलेला असतो हे कानाला कळलं, की अक्षर कशाची खूण आहे हे डोळ्याला कळतं.

जोडाक्षरांची तीन घराणी करावीत. दांडी गमावणारी (मस्त, पुस्तक, गोष्ट), दांडी नसल्यानं पाय मोडून किंवा एकाखाली एक येणारी (लठ्ठ, चिठ्ठी), आणि ‘र’ची. ‘र’च्या घरात चार वेषांतरं आहेत, म्हणून त्याला स्वतंत्र आठवडा द्यावा. सर्प, चक्र, राष्ट्र, दुसऱ्या. इथे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ही जोडी शेजारी लिहून दाखवावी. सातपुड्यातल्या मुलानं दर्या पाहिलेला नसतो, दऱ्या मात्र रोज उतरून तो शाळेत येतो.

आता वेगाचं. केंद्र सरकारनं ५ जुलै २०२१ रोजी लहान मुलांच्या पायाभूत वाचन-लेखन आणि गणितासाठी निपुण भारत अभियान सुरू केलं. त्यात दुसरीच्या मुलानं मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीच्या मुलानं किमान ६० शब्द समजून वाचावेत असं लक्ष्य आहे. ‘समजून’ हा शब्द त्यातला कळीचा, आणि घाईत तोच गळतो. मोजायची रीत सोपी आहे. मुलानं पूर्वी न वाचलेला ८०-९० शब्दांचा उतारा घ्या. त्याची एक प्रत शिक्षकाकडे, एक मुलाकडे. मोबाईलवर मिनिटाचं घड्याळ. चुकलेल्या शब्दावर तिरकी रेघ, सुटलेल्याभोवती गोल, स्वतः दुरुस्त केलेल्यावर ‘स्व’. स्वतः दुरुस्त केलेली चूक मोजायची नाही, उलट ती चांगली खूण आहे, कारण मूल अर्थावर लक्ष ठेवून वाचतंय. बोलीचा उच्चारही मोजायचा नाही. मिनिट संपलं तेव्हा मूल ५८व्या शब्दावर होतं आणि ७ चुका झाल्या, तर वेग ५१. त्यानंतर तीन प्रश्न विचारायचे: एक उताऱ्यात थेट उत्तर असलेला, एक ‘का’चा, एक शब्दाच्या अर्थाचा. प्रश्न न विचारता घेतलेला वेग कागदावर लिहूच नये, असं आमचं मत आहे. अडखळलं तर तीन सेकंद थांबावं आणि मग शब्द सांगून पुढे जावं. मध्येच शिकवायला बसू नये, ती चाचणी आहे.

या आकड्यांबाबत एक गोष्ट मराठी शिक्षकांनी बोलून दाखवायला हवी. ‘शाळेसमोरच्या झाडाखाली’ हे मराठीत दोन शब्द. हेच हिंदीत ‘पाठशाला के सामने के पेड़ के नीचे’, सात शब्द. मराठी प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे आपला एकेक शब्द लांब आणि जड असतो. मिनिटाला ४५ शब्द वाचणारं मराठी मूल आणि तेवढेच शब्द वाचणारं हिंदी मूल यांनी सारखी मेहनत केलेली नसते. म्हणून इतर राज्यांच्या आकड्यांशी तुलना करून मुलांना पळवू नये. त्याच मुलाचा जुलैचा, ऑक्टोबरचा आणि जानेवारीचा आकडा शेजारी ठेवावा. वेग वाढवायचा तर तोच छोटा परिच्छेद तीन-चार दिवस पुन्हा वाचणं, आणि शिक्षकानं आधी स्वतः चांगला वाचून दाखवणं, याहून चांगला उपाय माहीत नाही.

वाचून दाखवणं हे तर रोजचं हवं. दहा मिनिटं, मोठ्या चित्रांचं पुस्तक, आणि आधी घरी एकदा वाचून तयारी. थांबायच्या तीन जागा ठरवून ठेवायच्या आणि तिथे ‘आता काय होईल?’ विचारायचं. शेवटी ‘या गोष्टीतून काय बोध घेतला?’ हा प्रश्न वर्षभर टाळून बघावा. मुलं जास्त बोलतात.

हे सगळं शिक्षकांपर्यंत पोचवायचं कसं, हा खरा गुंता आहे. राज्यावर प्रशिक्षण झालं, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून केंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला. शेताच्या टोकाला पाणी पोचेपर्यंत चारी निम्मी झिरपलेली असते, तसं होतं. राज्यावर तीन दिवस चाललेली गोष्ट केंद्रावर दीड तासाची पीपीटी होते, आणि पीपीटीत मुलाचा आवाज कधीच नसतो. सलग पाच दिवस बसवलेल्या शिक्षकाला शेवटच्या दिवशी पहिला दिवस आठवत नाही. मोडीच्या वेळी घडलं तेच. त्यातला दिवसभर तक्ते रंगवण्यात गेला तर फारच वाईट. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून, मागच्या बाकावरून दिसेल एवढं ठळक अक्षर लिहून चाळीस कार्डं केली की साहित्य झालं. त्याला तासभर पुरतो.

त्यापेक्षा सुरुवातीला दोन दिवस द्यावेत आणि मग केंद्रातल्या शिक्षकांच्या दर महिन्याच्या शिक्षण परिषदेतले दोन तास फक्त वाचनासाठी राखावेत. माहिती भरणं, परिपत्रकं, यादी पूर्ण करणं याला दुसरी वेळ द्यावी. प्रत्येक शिक्षकानं मोबाईलवर आपल्या वर्गातल्या तीन मुलांचं एकेक मिनिटाचं वाचन आणायचं, एक चांगलं वाचणारं, एक मधलं, एक अडखळणारं. जोडीनं ऐकायचं, स्वतंत्रपणे खुणा करायच्या, मग खुणा ताडून बघायच्या. पहिल्या महिन्यात एकाच वाचनात एकाला दोन चुका दिसतात आणि दुसऱ्याला नऊ. वाद होतात. ते होऊ द्यावेत, कान तिथेच तयार होतो. तीन-चार महिन्यांत आकडे जवळ येतात.

दुसरा तास केंद्रशाळेच्याच मुलांबरोबर. एका शिक्षकानं सहा मुलांचा पंधरा मिनिटांचा पाठ घ्यायचा. बाकीच्यांनी गुरुजींकडे बघायचं नाही, प्रत्येकानं एका मुलाकडे बघायचं. बोट कुठे होतं? ओठ कधी हलले? शेजाऱ्याचं ऐकून किती वेळा बोललं? इथे एक चूक हमखास होते: पाहुणे बघताहेत म्हणून सगळ्यात हुशार सहा पोरं पुढे बसवली जातात. त्या पाठातून कुणी काही शिकत नाही. अडखळणारी दोन मुलं त्यात असलीच पाहिजेत, असा नियम आधीच सांगून टाकावा.

आणि मग वर्गभेट. नुसतं सांगून किंवा दाखवून नवीन कौशल्य वर्गात फार थोडं उतरतं, सराव आणि शेजारी उभं राहून केलेलं मार्गदर्शन मिळालं तर टिकतं, हे जॉइस आणि शॉवर्स या अभ्यासकांनी १९८०च्या दशकापासून मांडलं आहे. केंद्रप्रमुखांनी वीस मिनिटं मागे बसावं, जे चांगलं झालं ते नेमकं सांगावं, आणि बदलायची एकच गोष्ट सांगावी. ‘मॅडम, मूल अडलं की तुम्ही लगेच शब्द सांगता, तीन सेकंद थांबून बघा.’ एवढंच. पुढच्या भेटीत तेवढंच बघावं. नऊ सूचनांचा शेरा वहीत राहतो.

द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता दोघांत असतात, तिथे इयत्तेनं गट करून भागत नाही. अक्षरावर असलेली, शब्दावर असलेली, परिच्छेदावर असलेली मुलं असे गट पाडावेत, एका गटासोबत वीस मिनिटं स्वतः बसावं, बाकीच्यांना कार्ड, पुस्तक, लेखन द्यावं. चौथीतलं मूल शब्दाच्या गटात असेल तर लाजतं, म्हणून गटांना झाडांची नावं द्यावीत आणि दर महिन्याला गट बदलावेत.

सातपुड्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याकडे शिक्षक बहुधा खालच्या सपाटीवरून आलेला असतो, त्याला पावरी किंवा भिली येत नाही. त्यानं पहिले सहा आठवडे अक्षरांची घाई करू नये. मुलांकडूनच पन्नास शब्दांची वही करून घ्यावी, एका बाजूला चित्र, शेजारी घरचा शब्द देवनागरीत, शेजारी मराठी शब्द. गुरुजी घरचा शब्द म्हणताना चुकतात आणि मुलं त्यांना सुधारतात, तेव्हा वर्गातली भीती निघून जाते. गावातल्या अंगणवाडीच्या ताईंना आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला बोलवावं. तीच गोष्ट गुरुजींनी दुसऱ्या दिवशी मराठीत सांगावी. गोष्ट ओळखीची असली की नवी भाषा अंगावर येत नाही.

राहिली ती स्थलांतराची गोष्ट, आणि नंदुरबार-धुळ्याकडे ती टाळून वाचनाची कुठलीच योजना करता येत नाही. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जातात, मुलं सोबत असतात. होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराला, होळीला बरीचशी परततात, काही त्याहून उशिरा. परत आलेलं मूल वर्गात बसतं तेव्हा पुस्तक पुढे गेलेलं असतं. त्याला त्या पानावर बसवून उपयोग नाही, आणि पुन्हा ‘क’पासून सुरू करणंही त्याचा अपमान आहे. त्यासाठी प्रत्येक मुलाचं पोस्टकार्डाएवढं एक कार्ड हवं. येणारी अक्षरं, येणारी चिन्हं, शेवटच्या चाचणीचा वेग, तारीख. मूल जायच्या आदल्या आठवड्यात भरलेलं, आल्यावर पंधरा मिनिटांत तपासलेलं. आणि त्या कार्डाच्या पाठीमागे, गुरुजी बदलले तर पुढच्यांना कळावं म्हणून, एक ओळ: ‘पहिली वेलांटी कच्ची. जोडाक्षरं सुरू करायची आहेत. ळ ओळखतो, य म्हणतो; चूक धरू नये.’